बरणी

फोर्तुनातो मक्याचे तुरे खुडायला गेला की
घरातलं एकुलतं घड्याळही त्याच्या मनगटावर बसून जातं.
त्यामुळे किती वाजले होते ते सांगता येत नाही.
जानेवारी होता. सांतियागो देल एस्तेरोचा जानेवारी म्हणजे
मध्यरात्रीही मातीच्या भिंती तव्यासारख्या,
अंगणात शेळ्या धापा टाकत पडलेल्या.

एलादिया जागी झाली
कारण तिच्या मनगटावरून काहीतरी चालत होतं.
सावकाश.
लग्नाच्या पंगतीतून उठलेला पाहुणा चालतो तसं.

ती हलली नाही.
भुकेली असती तर चपटी असती, वाळल्या पानाएवढी हलकी,
कळलीही नसती.
हिला वजन होतं.
अंधारातच एलादियाला उमगलं: ही जेवून आलीय.

विंचुका. नावापुरताच विंचू;
नांगी नाही, विष नाही, ठणका नाही.
छताच्या गवतात, भिंतीच्या भेगेत दिवस काढते,
रात्री श्वासाचा माग काढत उतरते
आणि ओठाशेजारी, पापणीशेजारी
इतक्या हळुवार सोंड लावते
की झोपल्या लेकराचा आई पापा घेते
तोही दांडगा वाटावा.
जाता जाता तिथंच घाण करून जाते.
उरलेलं काम झोपलेला माणूस स्वतःच करतो,
खाजवून.

एलादियाच्या आईला तरी कुठं दुखलं होतं?
पंचवीस वर्षांनी विहिरीचा दोर अर्ध्यातच हातून सुटला.
काळीज मोठं झालंय, डॉक्टर म्हणाले,
आणि शेजारणी म्हणाल्या,
ते तर आम्हाला आधीपासून ठाऊक होतं.

उशाखालची बॅटरी दोन थपडा खाऊन पेटली.
काळपट तपकिरी अंग, कडेला नारिंगी पट्टे,
सणाच्या झग्याला काठ लावावेत तसे,
आणि पोट भिजवलेल्या मनुकेसारखं टच्च.

चप्पल हातात आलीसुद्धा होती.
चिरडायची नाही, नर्स ओल्गानं बजावलं होतं,
जिवंत आणा, बरणीत.
फवारणीवाले यायचे होते त्याला आता दोन उन्हाळे झाले.
पीचच्या मुरंब्याची बरणी, तळाशी अजून चिकट.
झाकण लावताना हात असे कापत होते
की आटेच जुळेनात.

मग तिनं बरणी उजेडात धरली
आणि भीती खरी आत्ता आली,
तळपायांतून वर, गार.

हे रक्त कुणाचं?

घरात चार श्वास.
सिप्रियानो, पाय खाटेबाहेर.
इर्मा, तोंड उघडं.
लुसेरो, दीड वर्षाचा, एकटाच मच्छरदाणीत,
तीही कोपऱ्यात फाटलेली.
आणि ती स्वतः.
आधी तिनं स्वतःलाच चाचपलं. गाल, मान, कोपर.
इतक्या आशेनं कुणी आपली जखम शोधली नसेल.
सापडली नाही.
मुलांच्या अंगावर तर डासांनी आधीच
इतकं काही लिहून ठेवलेलं
की त्यातलं जास्तीचं अक्षर कुठलं ते वाचता येईना.

माझं असू दे, ती बरणीला म्हणाली.
आतलीनं एक पाय दुसऱ्या पायावर घासला.

मग कसली झोप.
खाटेच्या कडेला, मांडीवर बरणी,
आपल्याच घरातलं कुणीतरी
थेंबभर
काचेमागं फिरताना बघत ती बसली.
लवकर कळलं तर मुलांना औषध लागू पडतं,
ओल्गाचं हे वाक्य पुटपुटत राहिली,
शब्दांची जागा चुकेपर्यंत.
गुरुवारी बस येते. आज सोमवार.
किंवा मंगळवार.

कोंबडा आरवला, मग शेळ्या, मग पलीकडच्या घरचा रेडिओ.
मच्छरदाणीत लुसेरो उठून बसला,
जांभई दिली,
आणि रोजच्यासारख्या दोन्ही मुठी
डोळ्यांकडे निघाल्या.

बरणी जमिनीवर घरंगळली.
तिनं त्याचे हात हवेतच पकडले.
त्याला वाटलं, खेळ.
तो हसला,
आणि सोडवून घ्यायला जोर लावू लागला.