पाचामुखी

फोग्टलंडमधल्या जुन्या लेसच्या गिरणीत
आता सर्व्हर घुमतात.
रोस्विटा रात्रपाळीला येते,
राईचा पाव खिडकीत ठेवते,
कानात बोळे घालते
आणि रांगांमधून फिरू लागते.

तिसरी रांग, डावीकडचं कपाट:
वर लागोसच्या दंतवैद्याचा नोड,
त्याखाली ओसाकातल्या दोन भावांचा,
त्याखाली चिलीतल्या कुठल्याशा मच्छीमार संघाचा.
कुणी कुणाला ओळखत नाही.
तीच तर अट आहे.
कुणावर विश्वास टाकायचा नाही,
ज्यानं त्यानं आपापलं मोजायचं,
सगळ्यांचं जुळलं की ते खरं.
पाचामुखी परमेश्वर.

रोस्विटाला त्यांचं गणित येत नाही,
तिला वायरी कळतात.
या सगळ्या दिव्यांखालून
मनगटाएवढी एक काळी केबल फरशीत उतरते.
दुसरीवर 'राखीव' अशी चिठ्ठी आहे,
तीही त्याच खाचेतून जाते.
मुखं पुष्कळ,
घसा एकच.

तिची आई याच दालनात उभी असायची.
भरतकामाचं यंत्र: तीनशे बारा सुया, एक दांडा.
आई नमुन्यावरून टोक फिरवायची
आणि पलीकडे तीनशे बारा फुलं
एकदम उमलायची.
एकदा तिला शिंक आली.
तीनशे बारा पाकळ्या वाकड्या.
मुकादम भिंग लावून बघत राहिला, म्हणाला,
चला, निदान सगळ्या सारख्या आहेत.

मार्चमध्ये मार्टेन शिरला,
मुंगसाच्या अंगलटीचा, गळ्याखाली पांढरा.
खाचेत ऊब होती.
त्यानं आधी एक कुरतडली,
मग राखीव.

एकोणीस मिनिटं.
दंतवैद्य गप्प, भाऊ गप्प, मच्छीमार गप्प,
हजार साक्षीदार
एकाच दमात मुके.
रोस्विटानं अहवालात लिहिलं:
दोन्ही केबली एकाच खाचेत आहेत. वेगळ्या करा.
वरून छापून आलं:
बाह्य कारण. निवारण झाले.

मार्टेनला तिनं मालधक्क्यामागे पुरलं.
थंडीनं माती दगड झाली होती,
पहारीनं फोडावी लागली.

आता दर सोमवारी
ती शेजारच्या फ्राउ त्शेर्नरकडून
पिशवीभर कुत्र्याचे केस आणते
आणि खाचेच्या तोंडाशी कोंबते.
वासानं मार्टेन येत नाहीत म्हणे.

कुत्रा चौदा वर्षांचा आहे.
हल्ली त्याचे केस
फारसे गळत नाहीत.