बर्फाखालची वरी

(ओरेनबुर्गजवळचं एक गाव, १९४४)

पुरुष आघाडीवर, घोडेही आघाडीवर,
म्हणून वरी शेतात उभीच राहिली
आणि तिच्यावर बर्फ पडला.

एप्रिलात बर्फाचा चिखल झाला
तेव्हा आई रात्रीची गेली, बाबांचे बूट घालून.
पावलं उमटली तर पुरुषाची उमटावीत.
गावात पुरुषच उरला नाही
हे तिच्या ध्यानात आलं नाही.

सरकारी शेतातला दाणा उचलणं गुन्हा,
काळा पडलेला, कुबट वासाचा असला तरी.

तिसऱ्या घासाला जीभ चुरचुरली.
मी विचारलं, मिरी घातलीस?
आई हसली. मिरी आम्ही
युद्धाआधी पाहिली होती.

दोन दिवस ओकलो. मग थांबलं.

पुढचे तीन आठवडे
मला अजून सांगता येत नाहीत नीट.
आम्ही बरे होतो. पोट भरलेलं होतं.
गैनुल्ला छपरावर चढून
साळुंक्यांशी भांडायचा,
आणि आई, मिन्सिलू, जिला हसताना
दात झाकायची सवय,
ती तोंड उघडं टाकून हसायची.
पचली एकदाची, म्हणायची,
आणि पुन्हा पातेलं चढवायची.

मग त्याच्या छातीवर लाल ठिपके.
शेजारीण म्हणाली, गोवर.
नाकातून रक्त आलं ते राहीना.
घसा आतून काळा.

तालुक्याहून नर्स आली, ताइसिया ल्वोव्ना,
खिशात कागदाच्या पुड्या.
काय खाता?
चाकवत, आई म्हणाली.
अजून काय?
चाकवत.

नर्सनं चाळणी उजेडाकडे धरली.
जाळीत अडकलेला एक दाणा
नखानं काढून पुडीत घातला,
पुडीवर नाव लिहिलं नाही.
म्हणाली, परवा गाडी येईल.
जितकं द्याल तितकंच चांगलं धान्य मिळेल.
कुणाचं, कुठून, कुणी विचारणार नाही.

गाडी चौथ्या दिवशी आली.
चिखल होता, म्हणाले.

पाळण्याखालून, चुलीमागून, उशीतून
आईनं सगळं काढलं.
तराजूवर बरोबर अकरा किलो.
अकरा किलो गहू मिळाला, पिवळा, कोरडा,
गैनुल्ला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी.

नोंदवहीत लिहिलं: घसा.

त्या रात्री पहिली भाकरी झाली.
आईनं तुकडा मोडला,
मला दिला,
आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
मी चावत होते.
ती विचारत होती, चुरचुरतं?
नाही, मी म्हणाले.
चुरचुरतं?