नोंद क्रमांक ८१२

जैतापूरच्या वाचनालयात सध्या एकाच मढ्याची चर्चा आहे,
जकातीच्या कारकुनाच्या.
पाचशे वर्षांपूर्वी, मार्गशीर्ष वद्य अष्टमीला,
ऐन मध्यरात्री, चौकीच्या दिव्याखाली
कोणीतरी त्याच्या नरड्यात मिठाची मूठ कोंबली
आणि कादंबरी सुरू झाली.

पुस्तक देणं-घेणं माझं काम. मत विचारणं नाही.
पण परत करताना माणसं टेबलावर कोपर टेकतात.

मराठे गुरुजींनी चाळिसाव्या पानावर पेन्सिल मोडली :
"नाखवा काजू खातो! काजू तेव्हा होता कुठे इथे?
गलबतातून उतरायचाय अजून तो."
त्यापुढे वाचलंच नाही, म्हणाले.
दोनशे तिसाव्या पानावरही
अक्षर त्यांचंच आहे.

तिर्लोटकर सिस्टर म्हणाल्या,
माणूस इतक्यात मरत नाही हो.
चार पानं तरी तडफडेल.
याने दीड ओळीत आटपलाय.

हसीना सोलकर पुस्तक ठेवून जायला निघाली, दारातून परत आली.
"नाखव्याची बायको अख्ख्या गोष्टीत तीनदा बोलते,
तिन्ही वेळा रडत.
तो सहा-सहा महिने दर्यावर, मग हिशेब ठेवत होतं कोण?
मी पहिला संशय तिच्यावर घेतला असता.
मान म्हणून."

बारावीतला शार्दूल शेवटचं पान आधी वाचतो.
मग पहिल्यापासून खुन्याच्या मागे मागे चालतो.
"तो नुसता हसला तरी कळतं, काकू, का हसला."

मला आवडल्या त्या जकातीच्या याद्या.
सुपारी इतके मण, खजूर इतके, घोडे अकरा,
त्यातला एक लंगडा, त्याला अर्धी जकात.
हे मी कोणाला सांगितलं नाही.

शेवटी फाशी जातो बाबण तारी.
बाराच्या ठोक्याला होडी चौकीच्या पायरीला लावली,
काम उरकलं, वल्ही न वाजवता परतला.
एवढ्या वाचकांनी वाचलं, सगळ्यांनी मान डोलावली.
मीसुद्धा.

रघुवीर पावसकराने मात्र पुस्तक सात आठवडे ठेवलं.
आणलं ते प्लास्टिकच्या पिशवीत, डिझेलच्या वासासकट.
"त्यानं नाय मारल्यान."
कोणी?
"बाबणान. अष्टमी ना ती?
आठाची पाऊणपट सहा. सांजच्याला सहाला भरती.
मग बाराला काय?"

मला उत्तर येत होतं.
या खाडीवरच जन्मले मी, तिथीवरून पाणी मोजायला
शाळेच्याही आधी शिकले.
आणि तरी पुस्तकातल्या खाडीत
ते पाणी कधी मोजलं नाही.

"बाराला सुकती. पायरीपासून पन्नास हात नुसता चिखल.
होडी काय उडवत आनल्यान?"
सात आठवडे का लागले, विचारलं.
"तीन अष्टम्या बगितल्या. मानसाच्या गळ्याचा प्रश्न."
दंड चौदा रुपये झाला.
सुटे मोजून दिले त्याने.

मार्गशीर्षातल्या अष्टमीला आम्ही जेटीवर गेलो.
ठरवलं कोणी, आठवत नाही.
गुरुजी कानटोपीत, सिस्टर ड्यूटीवरून तशाच.
डोंगरामागून अर्धा चंद्र नुकता वर येत होता
आणि खाली खाडी नव्हतीच.
होड्या कुशीवर पडलेल्या,
टॉर्चच्या उजेडात कुर्ल्या बिळात शिरणाऱ्या.
गुरुजींनी चप्पल काढली, एक पाय खाली सोडला,
गुडघ्यापर्यंत गेला.
दोघांनी धरून वर ओढले.

"मग कोणी?" शार्दूल म्हणाला.
हसीना हसली. बाकी कोणी बोललं नाही.

रजिस्टरात शेरा म्हणून एक रकाना आहे.
पाने सुटी, शाईचा डाग, वाळवी,
एवढंच लिहीत आले आजवर.
८१२च्या पुढे लिहिलं : निकाल मान्य नाही.

पुस्तक आता जागेवर नाही.
गुरुजींनी परत नेलंय,
काजूसकट.