सारंगी चुलीकडे

मार्चच्या शेवटी, कुलरात नवी खस भरायच्या आधी
कवडूजी रामटेक्यांचा फोन येतो :
"डावी बाजू कुरकुरून रायली. येतं का?"
मी शटर अर्धं ओढतो.
दुकान आता मोबाइलच्या काचांचं, कव्हरांचं.
सोल्डरिंग आयर्न वर्षातून एकदा तापतं,
ते यांच्यासाठी.

पांढरकवड्याहून अठरा किलोमीटर,
मग पऱ्हाटीच्या ढिगांमधून पायवाट,
निळं घर. बुद्धाच्या फोटोखाली सागाच्या पेटीत
ॲम्प्लिफायर, शहात्तर सालचा.
लाइनमनच्या पहिल्या थकबाकीतून घेतलेला,
सीताबर्डीहून एसटीत मांडीवर आणलेला,
सात तास, मधे टायर फुटून.

स्क्रू चार. तीन मूळचे, एक सायकलचा.
झाकण काढलं की तापल्या धुळीचा वास,
ट्रान्सफॉर्मरच्या उबेला पालीची दोन अंडी,
आणि झाकणाच्या आतून पेन्सिलीनं
माझ्या उस्तादाचं, हबीबभाईंचं, अक्षर :
१२ मे ८३, कंडेन्सर.
दिवाळी ८९, स्वीच. पैसे घेतले नाही.
दोन हजार दोनपासून माझं, जरा तिरपं.
आता जागा संपत आलीय.

थ्री फेज आला की शेताशेतात मोटारी पाणी ओढतात,
व्होल्टेज पडतं,
गाणारी बाई हळूहळू पुरुष होते.
कवडूजी हसतात : "डीपी मीच बसवली ना बाप्पा."

उजवा स्पीकर त्यांच्या खाटेजवळ.
डावा मात्र सैपाकघरात.
मधे चाळीस फूट तार,
भिंतीवर चिनी मातीच्या गिट्ट्या ठोकून
सरळ ओढलेली, सरकारी कामासारखी.
घेतला त्याच आठवड्यात सिंधूबाई म्हणाल्या होत्या,
"गाणं तिकडंच वाजन, तं मी भाकरी कायच्यावर थापू?"
मग एक पेटी इकडे, एक तिकडे.
त्रेचाळीस वर्षं
रेकॉर्डचा अर्धा भाग यांनी ऐकला, अर्धा त्यांनी.
जेवताना भांडण :
त्या म्हणायच्या, काय सारंगी होती!
हे म्हणायचे, सारंगी कुठली? नुसता तबला.

सिंधूबाई गेल्या त्याला आता पाच वर्षं.
यंदा सांधा पक्का केला, बटणातला कचरा काढला,
आणि माझ्यातला मेकॅनिक बोलून गेला :
"कवडूजी, दोन्ही एका खोलीत पाहिजेत.
मधे तुम्ही. तिन्ही अंतरं सारखी. तेच खरं ऐकणं."
ते बराच वेळ तारेकडे बघत राहिले.
"आण मंग."

आणला. मोजून ठेवला. सुई टेकवली.
तबला उजवीकडून आला, सारंगी डावीकडून,
आणि मधल्या रिकाम्या हवेत, जिथे काहीच ठेवलं नव्हतं,
बाई उभी राहून गाऊ लागली.
कवडूजींनी पाय खाटेवरून खाली घेतले,
कोणी पाहुणा आल्यासारखे.
एक बाजू पूर्ण झाली. सुई रिकामी घासत राहिली.
"हे तं भलतंच गाणं हाय बे," ते म्हणाले.
"थे बरोबर सांगत होती."

दुसरी बाजू लावायला मी हात नेला
तेवढ्यात आतून सुनेचा, अरुणाचा, आवाज,
फोडणीच्या तडतडीवरून :
"मामाजी, सारंगी कुठं गेली?"

म्हणजे कुरकूर ऐकणारी ही होती.
दर मार्चला.

कवडूजी उठले. पेटीच्या एका बाजूला त्यांनी हात घातला,
दुसऱ्या बाजूला मला खुणावलं.
"वापस ने.
देल्लं कनेक्शन मी कधी कापलं नाही,
बिल भरलं नसलं तरी."

झाकण लावण्याआधी पेन्सिल शोधली.
हबीबभाईंच्या दिवाळीखाली
बोटभर जागा होती. लिहिलं :
२९ मार्च. डावा ठीक. जागेवर.