कानातला खडा

स्वोल्वेरच्या धक्क्यावर उतरलेल्या कॉडचं
डोकं मी आडवं चिरते,
चिमट्याने कानातला खडा काढते,
पावट्याच्या दाण्याएवढा,
मोडून भिंगाखाली धरते.
एका हिवाळ्याचं एक वलय.
सात. आठ. सात.
पुन्हा सात.

एलर्टमामा दारातूनच विचारतो,
"काय म्हणतायत खडे?
यंदा कोटा वाढतोय, की बोट विकू?"
बुटांना खवले तसेच चिकटलेले.
"बोलत नाहीत ते, मामा. मोजू देतात."

मग त्याच्या बापाचा मासा निघतो,
पोरानं खांद्यावर घेतला
तर शेपटी बर्फात रेघ ओढत जायची.
दर मार्चला ऐकते मी हे.
दर मार्चला तो मासा वीतभर वाढतो.

आज त्याच्याच क्रेटमधलं एक डोकं
माझ्या दोन हातांत मावेना.
वलयं मोजली. काच पुसली. पुन्हा मोजली.
त्याला हाक मारून भिंगाशी बसवलं.
ओठ हलवत तो मोजत गेला,
एकवीसवर अडकला.

"रान्नी तेव्हा रांगत होती," म्हणाला.

खिडकीबाहेर सीगल भांडत होते.

"गाभोळी होती हिला?"
"गच्च. सकाळीच विकली."

मी वहीत एकवीस लिहिलं.
वरचे रकाने कोरे, पार पंधरापर्यंत.
मामा टोपी चाचपत उठला,
दाराशी थांबला, पाठमोराच:

"जाळ्याची आस मोठी केली
तर बारकी निसटतील.
ही मात्र अडकणारच ना गं?"