जवळची खूण

नेटवर्क फक्त दगडावर.
दगडाच्याही डाव्या कोपऱ्यावर, एका पायावर उभं राहून,
फोन कानाला नाही, कानाच्या वर धरून, स्पीकर लावून.
एकशेआठ.

पेशंटचं नाव?
लालसू. लालसू केये पुंगाटी. वय अकरा.
काय होतंय?
हाडं फुटतात म्हणतो. सिकलसेल आहे.
पिवळं कार्ड नाही हो, लाल.
पत्ता?
येरमेटोला.

पुण्यातली मुलगी टाईप करते,
मला इथे ऐकू येतं,
लांब कुणीतरी तांदूळ पाखडतंय तसं.
मॅडम, मॅपवर येत नाही.
जवळची खूण सांगा.

खूण.
एकदा नागपूरला नेलं होतं आम्हाला, सत्काराला.
तिथे बँकेच्या बाजूला मेडिकल,
मेडिकलच्या वर डॉक्टर,
त्याच्या समोर दुसरा डॉक्टर.
शाल काखेत धरून मी एक गल्ली मोजली.
सात.
मग बस सुटायची वेळ झाली.

लिहा, म्हणते मी.
डांबर संपतं तिथून पुढे.
मोहाचं झाड, वीज पडलेलं, अर्धंच उरलंय.
मग नाला. पूल नाही, पण पुलाचे पाईप आहेत,
तीन वर्षं झाली, काठावर पडलेत,
झड लागली की त्यांत शेळ्या बसतात.
शेळ्यांचे पाईप, असं लिहा.

ती लिहीत नाही.
विचारते, एखादी शाळा, दवाखाना, असं काही?

याला उत्तर होतं माझ्याकडे.
दिलं नाही.
तिची नोकरी आहे.
माझीही आहे, फक्त तिला नोकरी म्हणत नाहीत,
मोबदला म्हणतात.

आमच्यात जवळ म्हणजे
कोंबड्याची बांग पोचते तिथवर.
रक्त गडचिरोलीला, एकशे अठरा किलोमीटर.
तेही काही दुर्मीळ नाही,
साधं बी पॉझिटिव्ह.
अर्ध्या गावाच्या अंगात असेल.
पिशवीत नाही.

खालून जुरी विचारते,
काय म्हनते व थे?
खूण विचारते.
जुरीच्या मांडीवर पोरगं धनुष्यासारखं वाकलेलं,
गुडघे सुजून कवठाएवढे.
ती म्हणते, सांग ना तिले,
पोरगा रडते थ्या आवाजावर ये म्हना.

मी काहीच म्हटलं नाही.
स्पीकर चालू होता.
तांदूळ पाखडायचे थांबले.
बऱ्याच वेळानं ती म्हणाली,
मॅडम, तो आवाज... तोच का?
हो, म्हटलं. तोच.
आणि रेंज गेली.

गाडी आली. खोटं का बोलू.
डांबर संपतं तिथवर आली.
पुढचं काम सैनूच्या ट्रॅक्टरनं केलं,
ट्रॉलीत धानाची तणस, तणशीवर गोधडी,
गोधडीवर लालसू, आणि दर खड्ड्याला
मी माझाच हात चावत होते.
नाल्यात पाणी मांडीपर्यंत होतं.
म्हणजे कमीच.

दोन पिशव्या लागल्या.
सहाव्या दिवशी परत आला, हातावर चिकटपट्टी,
ती त्यानं पंधरा दिवस काढू दिली नाही.
मला पुण्याहून फोन आला, मशीनचा.
सेवा मिळाली असल्यास एक दाबा.
दाबला.

पुढे पोलिओचा रविवार.
मी दारादारावर खडूनं खूण करत फिरते,
घर नंबर, तारीख, बाण.
लालसू मागे मागे, पेटी धरून.
ही खूण पुन्याले दिसते का?
नाही रे.
मग कोनाले दिसते?
साहेब आले तर साहेबाले.

उरलेला खडू त्यानं मागून घेतला.

परवा कोसीबाईला कळा लागल्या,
मी दगडावर चढले, फोन वर धरला,
खाली बघितलं तर
डाव्या कोपऱ्यावर एक पाऊल काढलेलं,
बोटं मोजून पाच, टाच जरा मोठी.
एकच.
दुसऱ्याला तिथे जागा नाही.