ऋणनिर्देश

तबकडीच्या पाठीवर चार ओळींची जागा आहे,
कुणाकुणाचं ऋण ते लिहा, म्हणतात.

पहिलं नाव सोपं. रात्सिम्बा मास्तर,
बांबूवर टिचकी मारून त्याचं वय सांगायचे.
मग रेडिओवरचं ते अकॉर्डियन,
ज्याच्या वादकाचं नाव निवेदक नेहमी गिळायचा.

तिसऱ्या ओळीपाशी पेन अडतं.

अंत्सिराबेत तेव्हा तारा मिळत नसत.
मी सोलुफूच्या सायकलची ब्रेकची केबल कापली,
पीळ उलगडून एकेक धागा
बांबूच्या वलिहावर चढवला. रात्रभर वाजवलं.
पहाटे भाऊ दूध घेऊन उताराला लागला.

त्याने कधीच विचारलं नाही.
अजून किटली घेऊन दारावरून जातो,
एक पाऊल लांब, एक आखूड,
मध्ये किंचित थांबा.

जाणकार म्हणतात, माझ्या वाजवण्यात
जुन्या राजदरबाराची चाल आहे.
मी मान डोलावतो.

काल ध्वनिमुद्रणाला
तो काचेपलीकडे बसला होता, डोळे मिटून,
दुखरा पाय
बरोबर समेवर टेकवत.

छापखान्याचा माणूस दोनदा येऊन गेला.